रोपांना पुरेल असा उजेड

बी रुजले म्हणजे रोप झाले, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक रुजणे आणि वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुजण्यासाठी लागणारी शिदोरी बी स्वतःबरोबर घेऊन येते. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की टोमॅटोचे किंवा वांग्याचे बी मातीखालच्या अंधारातही फुटते. ही शिदोरी मात्र थोड्याच दिवसांत संपते. त्यानंतर रोपाला आपले अन्न आपणच तयार करावे लागते आणि त्यासाठी त्याला उजेड लागतो.

शहरातील पुष्कळ घरांत नेमका हाच उजेड दुर्मीळ असतो. तळमजल्यावरील खोली, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि गच्चीवर जाण्यास मनाई, अशा घरातील माणसाला चार रोपे वाढवावीशी वाटली तर त्याने काय करावे? दिव्याखाली रोपे वाढवता येतात, हे खरे आहे. परंतु बाजारात जांभळ्या प्रकाशाचे, लवचीक दांड्यांचे, ‘रोपांचे खास दिवे’ म्हणून विकले जाणारे अनेक प्रकार मिळतात. त्यांतून चुकीची निवड झाली तर दिव्याचे पैसे वाया जातात, महागडे बियाणे फुकट जाते आणि लागवडीचा हंगामही हातचा जातो. म्हणून दिवा विकत घेण्यापूर्वी रोपाची गरज समजून घेणे आवश्यक आहे.

१. उजेड कमी पडला की काय होते?

नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत गहू, ज्वारी यांसारखी धान्ये पेरण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघरी आहे. दसऱ्यापर्यंत ते धान वीतभर वाढते आणि त्याचे तुरे टोपीत किंवा फेट्यात खोवले जातात. हे तुरे बहुधा फिकट पिवळे, नाजूक आणि लांब असतात. तेच धान्य शेतात पेरले तर नऊ दिवसांत ते इतके उंच होत नाही. पण ते हिरवेगार आणि ताठ असते. हा फरक मातीचा किंवा पाण्याचा नसून उजेडाचा आहे. देवघराच्या कोपऱ्यात समईचा मंद प्रकाश असतो. तो त्या रोपांना अपुरा पडतो.

अंधारात लांब वाढणे ही वनस्पतीची एक शहाणी सवय आहे. मातीखाली असलेल्या कोंबाला लवकरात लवकर वर येणे भाग असते. म्हणून अंधारात तो पाने आणि हिरवा रंग तयार करण्यात शक्ती न घालवता खोड लांबवतो. अंधाऱ्या खोलीतील रोपही तसेच करते. आपण अजून मातीखालीच आहोत, अशा रीतीने ते उजेडाच्या शोधात वर वर जाते. पाहणाऱ्याला वाटते, रोप जोमाने वाढत आहे. प्रत्यक्षात ते उपाशी असते. त्याचे खोड सुतासारखे बारीक होते, दोन पानांमधील अंतर वाढते, ते खिडकीकडे झुकते आणि एके दिवशी पाणी घालताना आडवे होते.

म्हणून रोपाची पारख करताना त्याची उंची न पाहता त्याचा बुंधा पाहावा. आखूड, जाड खोड, जवळजवळ असलेली पाने आणि गडद हिरवा रंग ही निरोगी रोपाची लक्षणे आहेत.

२. हेब्बाळचे आकाश आणि हेब्बाळच्या भिंती

बेंगळुरूच्या उत्तर भागातील हेब्बाळ हे नाव शेतीच्या अभ्यासाशी फार पूर्वीपासून जोडलेले आहे. म्हैसूर संस्थानाने १८९९ मध्ये येथे प्रायोगिक शेत सुरू केले. पुढे १९१३ मध्ये कृषिशाळा आणि १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले. १९६४ मध्ये कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाचे मुख्य आवार, म्हणजे गांधी कृषी विज्ञान केंद्र, हेब्बाळपासून जवळच आहे. एकेकाळी या परिसरात मोकळी शेते होती. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळचा नवा विमानतळ सुरू झाल्यानंतर मात्र त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या भागात उंच इमारतींची दाटी झपाट्याने वाढली. आतल्या गल्ल्यांतून घराला घर लागले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हेब्बाळच्या आकाशात उजेडाची टंचाई नाही. बेंगळुरू विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर वसलेले आहे. त्यामुळे तेथे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. पावसाळ्यात ढग येतात. तरीही ढगाळ दिवशी उघड्यावर जितका उजेड असतो, तितका घरात दिवे लावूनही नसतो. टंचाई आहे ती भिंतींमुळे निर्माण झालेली. नेदरलँड्ससारख्या देशात डिसेंबरमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. तेथील काचगृहांत दिवे लावावे लागतात, ते सूर्य कमी वेळ दिसतो म्हणून. त्या देशांसाठी लिहिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

यावरून निवडीची पहिली पायरी ठरते. ‘कोणता दिवा घ्यावा?’ असे विचारण्याआधी ‘दिवा हवा का?’ असे विचारावे. गच्ची, सज्जा किंवा खिडकीची जाळी यांपैकी कोठेही दिवसातून पाच-सहा तास ऊन येत असेल, तर दिव्याची गरज नाही. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिच्यासारख्या संस्था शेतकऱ्यांना भाजीपाल्याची रोपे कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये, शेडनेट किंवा कीटकरोधक जाळीखाली वाढवण्यास सांगतात. रोपवाटिकांत हंगामाला लाखो रोपे अशा रीतीने सूर्यप्रकाशावरच तयार होतात. दिवा हा सूर्याला पर्याय नसून जेथे सूर्य पोहोचतच नाही, तेथील तडजोड आहे.

३. डोळ्याचा उजेड आणि पानाचा उजेड

घरात दिवा लावला की खोली लख्ख झाली, असे आपल्याला वाटते. पण आपला डोळा ही उजेड मोजण्याची भरवशाची वस्तू नाही. मंद उजेडात बाहुली मोठी होते, तीव्र उजेडात ती लहान होते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी आपले काम चालते. पानाला अशी सोय नाही. त्याच्यावर जितका प्रकाश पडेल, तितकेच अन्न ते तयार करू शकते.

प्रकाश मोजण्याचे एक परिचित एकक म्हणजे लक्स. दिव्यातून एकूण बाहेर पडणारा प्रकाश ल्यूमेनमध्ये सांगतात. एक ल्यूमेन प्रकाश एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला, तर तेथील उजेड एक लक्स होतो. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. दाट ढगांच्या दिवशीही उघड्यावर अनेकदा १० हजार लक्स किंवा त्याहून अधिक उजेड मिळतो. रात्री दिव्याने उजळलेल्या आपल्या खोलीत मात्र तो १०० ते ३०० लक्सच असतो. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या कोवळ्या रोपांना पांढऱ्या दिव्याखाली रोज चौदा तास सुमारे १२ ते १५ हजार लक्स उजेड मिळाला, तर ती चांगली वाढतात. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी खोली रोपाच्या दृष्टीने जवळजवळ अंधारीच असते.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेले आहे. डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक उजळ वाटतो. पान प्रामुख्याने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी वापरते. त्यात तांबडा आणि निळा प्रकाश पानातील हरितद्रव्य अधिक शोषते. हिरवा प्रकाश काही अंशी परत फेकला जातो, म्हणून पान हिरवे दिसते. तरी त्याचाही बराच भाग पानाच्या उपयोगी पडतो. त्यामुळे तांबड्या-निळ्या दिव्याचे लक्स आणि पांढऱ्या दिव्याचे लक्स यांची तुलना करता येत नाही. पांढऱ्या दिव्यांची आपापसांत तुलना करण्यास मात्र हे माप घरगुती कामापुरते पुरेसे आहे.

४. दिव्यांचे प्रकार

कावेरीवरील शिवनसमुद्र येथील विजेने बेंगळुरूचे रस्ते १९०५ मध्ये उजळले. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दिव्यांचे अनेक प्रकार आले. रोपांच्या दृष्टीने त्यांची पारख पुढीलप्रमाणे करता येईल.

तारेचा पिवळा बल्ब : हा दिवा विजेचा फारच थोडा भाग प्रकाशात रूपांतरित करतो, उरलेल्या बहुतेक विजेची उष्णता होते. जवळ ठेवावा तर पाने करपतात, दूर ठेवावा तर उजेड पुरत नाही. रोपांसाठी तो निरुपयोगी समजावा.

ट्यूबलाइट आणि सीएफएल : यांचा उजेड पसरट आणि उष्णता कमी असते. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे बाटल्यांतील रोपे ट्यूबलाइटखाली वाढवली गेली. जळगाव जिल्ह्यात लावल्या जाणाऱ्या ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांचा जन्मही अशाच दिव्यांच्या मांडण्यांवर होतो. तेथे दोन-तीन हजार लक्स पुरतात. मात्र त्यावरून घरच्या रोपांनाही तेवढाच उजेड पुरेल, असे समजू नये. बाटलीतील रोपाला पोषकद्रव्यातून साखर दिलेली असते. कुंडीतील रोपाला ती स्वतः बनवावी लागते. या दिव्यांत पारा असतो. म्हणून फुटलेली नळी हाताने गोळा करू नये किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नये.

पांढरा एलईडी दिवा : निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर हे दिवे घरोघरी पोहोचले. कमी वीज, कमी उष्णता आणि दीर्घ आयुष्य यांमुळे घरगुती रोपांसाठी आज हाच दिवा सर्वांत सोयीचा ठरतो. खोक्यावर ‘६५०० केल्विन’ लिहिलेला दिवा थंड पांढऱ्या छटेचा असतो. त्यातील निळ्या प्रकाशामुळे रोपे आखूड आणि ठेंगणी राहण्यास मदत होते. ‘३००० केल्विन’चा दिवा पिवळसर छटेचा असतो. कोवळ्या रोपांसाठी पहिला प्रकार घ्यावा.

तांबडा-निळा एलईडी दिवा : यांच्या मिश्रणाने जांभळा प्रकाश दिसतो. पुरेशा क्षमतेचा असेल तर तो रोपे वाढवतो, यात शंका नाही. परंतु या प्रकाशात पानांचा खरा रंग कळत नाही. पिवळेपणा, डाग, कीड ही संकटाची पहिली चिन्हे नजरेतून निसटतात. शिवाय टेबलावर अडकवण्याचे अनेक छोटे दिवे इतके दुर्बळ असतात, की त्यांच्या रंगामुळे उजेडाची उणीव भरून निघत नाही. रंगापेक्षा उजेडाचे प्रमाण महत्त्वाचे, हे येथे विसरू नये.

दिवा घेताना वॅटचा आकडा पाहून भुलू नये. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप. तो किती उजेड देतो, हे ल्यूमेनचा आकडा सांगतो. ज्या खोक्यावर ल्यूमेन लिहिलेलेच नाहीत, तो दिवा रोपांसाठी घेऊ नये.

५. किती दिवे, किती उंचीवर, किती वेळ?

समजा, हेब्बाळमधील एका कुटुंबाने चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळी निवडली. तिच्यावर ९८ खणांचे दोन प्रो-ट्रे एकापुढे एक मावतात; म्हणजे १९६ रोपांची सोय होते. या फळीचे क्षेत्रफळ सुमारे ०.३७ चौरस मीटर आहे. २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० ल्यूमेन प्रकाश देते. त्यातील सगळा प्रकाश रोपांवर पडत नाही. दिवा जवळ ठेवून कडेला पांढरा पुठ्ठा लावल्यास सुमारे साठ टक्के पडतो, असे धरू. मग एका ट्यूबने फळीवर जेमतेम ३२०० लक्स उजेड मिळेल. चार ट्यूब शेजारी शेजारी लावल्या, तर तो १३ हजार लक्सच्या आसपास जाईल. एकच ट्यूब लावून रोपे लांबुडकी का होतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर असावी. एकट्या बल्बचे अंतर दुप्पट केले तर उजेड सुमारे चौथाईवर येतो. ओळीने लावलेल्या ट्यूबखाली तो इतक्या वेगाने घटत नाही, पण घटतोच. म्हणून दिवे साखळीने टांगावेत आणि रोपे वाढतील तसे ते वर घ्यावेत. शेंड्याच्या पातळीवर हाताचा पंजा अर्धा मिनिट धरावा. ऊब जाणवून हात मागे घ्यावासा वाटला, तर दिवा फार जवळ आहे. भ्रमणध्वनीवरील लक्समापक ॲप अगदी अचूक नसते. तरीही एका कोपऱ्यात उजेड कमी आहे की काय, हे त्याने पडताळून पाहता येते.

बी उगवून वर दिसताच त्याच दिवशी दिवा सुरू करावा. एक-दोन दिवसांचा उशीरही खोड लांबवण्यास पुरेसा होतो. दिवा रोज चौदा तास चालू आणि दहा तास बंद ठेवावा. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, या समजुतीने काही जण दिवा रात्रंदिवस जळता ठेवतात. टोमॅटोची पाने अशा अखंड उजेडाने पिवळी पडून खराब होतात. साधा टायमर बसवला तर वेळेची चिंता राहत नाही.

६. खर्चाचा ताळा

वरील चार ट्यूब मिळून ८० वॅट वीज घेतात. चौदा तासांत १.१२ युनिट आणि तीस दिवसांत ३३.६ युनिट वीज लागते. युनिटचा दर सहा रुपये धरला, तर हा खर्च सुमारे दोनशे रुपये होतो. सगळी रोपे जगली, तरी एका रोपामागे केवळ विजेचाच खर्च जवळजवळ एक रुपया येतो. बियाणे, कोकोपीट, ट्रे आणि दिव्यांची किंमत वेगळीच. मिरचीची रोपे तयार होण्यास टोमॅटोपेक्षा अधिक दिवस लागतात. म्हणून तिचा खर्च आणखी वाढतो.

हा हिशोब घरातील हौसेसाठी किंवा थोड्या रोपांसाठी जड नाही. परंतु बचत गुंतवून दिव्याखाली साध्या भाजीची रोपे विकण्याचा व्यवसाय काढू पाहणाऱ्याने तो कागदावर अवश्य मांडावा आणि जवळच्या रोपवाटिकेतील भावाशी ताडून पाहावा. जी रोपवाटिका सूर्याचा फुकट उजेड वापरते, तिच्याशी विजेच्या उजेडाने स्पर्धा करणे कठीण असते. दुर्मीळ जातीचे बी जगवायचे असेल किंवा घरापुरती मेथी-मोहरीची कोवळी पालेभाजी हवी असेल, तर दिव्याचा खर्च सार्थकी लागतो.

७. सुरक्षितता आणि निरोप

रोपे म्हणजे पाणी आणि दिवा म्हणजे वीज. या दोहोंची जवळीक धोक्याची असते. पाणी घालण्यापूर्वी दिवा बंद करावा. जोडलेल्या, सोललेल्या तारा वापरू नयेत. खटका आणि जोडणी ट्रेच्या वरच्या बाजूस असावी, खाली नव्हे. अर्थिंग नसलेल्या जागी मांडणी करू नये आणि गळती होताच वीज तोडणारा खटका बसवून घ्यावा. आयएसआय किंवा भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहूनच दिवा घ्यावा.

शेवटची पायरी रोपे बाहेर नेण्याची. १३ हजार लक्समध्ये वाढलेले रोप एकदम १ लाख लक्सच्या उन्हात ठेवले, तर त्याची पाने पांढरी पडून करपतात. म्हणून पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर द्यावे आणि आठ-दहा दिवसांत ही वेळ हळूहळू वाढवावी. वाऱ्याच्या झुळकीने खोडही या काळात कणखर होते.

दिव्याची निवड ही अशा प्रकारे खरेदीची बाब नसून मोजमापाची बाब आहे. आपल्या घरी ऊन किती, रोपाची गरज किती आणि खिशाला परवडते किती, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने मिळवली, त्याला दुकानातील जाहिरात सहसा फसवू शकत नाही. आणि दिवा योग्य निवडला आहे की नाही, याचा अखेरचा निर्णय रोपाचा बुंधाच देत असतो.

स्वाध्याय

१. घटातील धान पिवळट आणि लांब का वाढते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. ‘हेब्बाळमध्ये टंचाई आकाशामुळे नसून भिंतींमुळे आहे,’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. वॅट, ल्यूमेन आणि लक्स यांतील फरक सांगा.
४. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद फळीसाठी १००० ल्यूमेनच्या किती ट्यूब लागतील? पाठातील रीत वापरून हिशोब करा.
५. आपल्या घरातील सर्वांत उजेडाची जागा शोधा. तेथे दिवसातून किती तास ऊन येते, याची आठवडाभर नोंद ठेवा आणि तेथे रोपांसाठी दिव्याची गरज आहे की नाही, ते कारणांसह लिहा.